नारळी पौर्णिमेची सही

कोपर, डोंबिवली पश्चिम
३ जुलै १९८३

चि. मोरू,

आत्याचे आशीर्वाद, आणि सोबत थोडा रागही. पत्र मधूच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकते आहे. तुझा हा शिंपी दोस्त कुणाच्या भानगडीत नाक खुपसत नाही. बाळकुमला घरी पाठवलं असतं तर माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे तुझ्या दामाजीकाकाने, ते आधी फोडलं असतं आणि मग तुझ्या आईला वाचून दाखवलं असतं. तुझा बाप, माझा धाकटा भाऊ गेल्यापासून आवडावहिनी बिचारी दामाजीच्याच चुलीवर जेवते, तिला आणखी ताप कशाला?

कॉलेजात नाव घातलंस, फार बरं वाटलं. पण त्याच आठवड्यात दामाजीच्या कबड्डी मंडळाच्या कागदावर सहीसुद्धा केलीस म्हणे. तुझ्या आतोबांचं काय झालं ते तुला कुणी सांगितलं नाही का? तू तेव्हा सहा वर्षांचा होतास. ह्यांच्यासारखी चढाई करणारा सगळ्या खाडीपट्ट्यात दुसरा नव्हता. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या कबड्डी संघाला हे हवे होते. संघात खेळायचं आणि कायमची नोकरी. मंडळाने फक्त सोडचिठ्ठी, म्हणजे दुसऱ्या संघात खेळायची परवानगी, द्यायची होती. अध्यक्ष कोण? माझा सख्खा भाऊ. ‘आज देतो, उद्या देतो’ करत त्याने पावसाळा घालवला आणि शेवटी चारचौघांत म्हणाला, ‘नाय देत, जा.’ कारखान्याने दुसरा माणूस घेतला. त्याच दिवशी मी ह्यांना घेऊन बाळकुम सोडलं. वेशीवर नारळ फोडला आणि शपथ घेतली, दामाजीची मान खाली गेलेली बघायलाच इथे परत पाय टाकीन.

आता नीट वाच. आमच्या वरच्या मजल्यावर त्र्यंबक साठे राहतात, हल्ली त्याच कारखान्याचा संघ तेच बघतात. ते सांगतात की जिल्हा संघटनेने कॉलेजच्या मुलांसाठी वेगळा नियम केला आहे. मुलगा शिकतोय तोवर मंडळाचा त्याच्यावर हक्क. पदवीचा निकाल लागला की त्या वर्षीच्या पंधरा ऑगस्टच्या आत मंडळाने त्याची नवी सही घेऊन कचेरीत द्यायची. दिली तर तो पुन्हा त्यांचा. नाही दिली तर तो मोकळा. सोडचिठ्ठी नको, वर्षभर बाहेर बसणं नको, हवा तो संघ. मात्र कॉलेज अर्ध्यात सोडलंस तर हा नियम तुला नाही, मग इतर पोरांसारखा तू मंडळाच्या दाव्याला बांधलेला.

आपल्या गावात पंधरावी झालेला खेळाडू आजवर निघाला नाही. त्यामुळे दामाजीला या नियमाचा पत्ता असायचं कारण नाही. तू पंधरावी हो. बाकीचं मी बघते.

तुझी आत्या
भागीरथी

बाळकुम
२१ ऑगस्ट १९८३

ती. आत्या,

नमस्कार. पत्र मधूने दिलं. दुकानातच उभ्याने वाचलं आणि त्याच्याच इस्त्रीच्या शेगडीत टाकलं.

तू म्हणतेस ते खरं असेल गं, पण काका माझ्याशी वाईट वागत नाही. कॉलेजची फी त्यानेच भरली. सरावाहून आलो की ‘पोराला दोन बोंबील जास्त वाढ’ म्हणून आईला ओरडतो. मंडळात सगळे मला आतोबांच्या नावाने ‘कुंडलिकचा भाचा’ म्हणतात. जुनी माणसं आतोबांच्या चढाया अजून सांगतात, एकदा पाच जण अंगावर घेऊन रेषेला हात लावलेला म्हणे. मग ते कधी सामना बघायलासुद्धा का येत नाहीत? शपथ तू घेतलीस, त्यांनी नाही ना?

मला फक्त खेळायचंय. पण कारखान्याची कायम नोकरी म्हटल्यावर कुणाला नको असेल? आईला किती दिवस दुसऱ्याच्या घरात ठेवू? पंधरावी होतो. तेवढं जमेल.

तुझा
मोरू

कोपर
१२ नोव्हेंबर १९८४

मोरू,

अर्थशास्त्रात नापास! अरे, चढाईला गेलास की सात जणांचे चौदा पाय तुला दिसतात आणि एका पुस्तकातली पानं दिसत नाहीत? विषय राहिला आणि वर्ष गेलं तर दामाजीला एक वर्ष आयतं मिळेल, कळतंय का तुला?

त्र्यंबकरावांची बहीण शीला ठाण्याला शिकवते. दर रविवारी तिच्याकडे जायचं. ती शिकवायचे पैसे घेणार नाही, पण ओरडेल खूप. ओरडून घे.

आतोबांबद्दल विचारलं होतंस, त्याचं उत्तर राहूनच गेलं. तुझा विषय निघाला की हे उठून बाहेर जातात. बाळकुमचं नाव काढलं तर जेवण अर्धं टाकतात. एमआयडीसीत वॉचमन म्हणून रात्रपाळी करतात आणि दिवसा भिंतीकडे तोंड करून पडतात. माणसाच्या काळजाला एवढी खोल जखम झाली आहे, आणि ती करणारा तिकडे अध्यक्ष म्हणून हार घालून घेतो. म्हणून म्हणते, अभ्यास कर मेल्या.

भागीरथी

बाळकुम
९ जून १९८५

ती. आत्या,

अर्थशास्त्र सुटलं. शीलाताईंनी माझे कान धरले, खरोखर धरले, पण सुटलं.

आता दुसरंच लफडं झालंय. काल काका मला खाडीवर घेऊन गेला. म्हणाला, ‘कालिज बस झाला. एक ओळखीचा कारखानदार हाय, तुला लावतो. येत्या मोसमात पूर्ण वेळ मंडळासाठी खेळ. दोन वरसांनी मोठ्या संघाचं बोलावणं आलं तर मी सोतः सोडचिठ्ठी देतो.’ आईसमोर देवीची शपथ घ्यायलाही तयार होता.

आत्या, नोकरी खरी आहे. मी चौकशी केली. आणि तिकडे विद्यापीठाच्या संघात मला गेल्या वर्षी राखीव म्हणून बसवलं, इकडे मंडळात मी पहिली चढाई करतो. एक वर्ष आणखी पुस्तकं घेऊन बसायचं, कशासाठी? काका या वेळी खरं बोलत असेल तर? तू सांग. उशीर करू नकोस, तो उत्तर मागतोय.

मोरू

कोपर
१२ जून १९८५

मोरू,

नाही. नाही. नाही.

ओठात एक आणि पोटात एक हे माझ्या भावाचं लहानपणापासूनचं आहे. ‘मी स्वतः सोडचिठ्ठी देतो’ हेच शब्द तो ह्यांनाही बोलला होता, त्याच खाडीवर, मी तिथे होते. शपथेचं काय घेऊन बसलास, देवी काही कचेरीत येऊन साक्ष देत नाही.

तुला राखीव बसवलं म्हणून रडतोस? बस. एक वर्ष बस. हे पंधरा वर्षं बसलेत. काकाला सांग की आईची इच्छा आहे, घरात एक तरी पदवीधर हवा. आवडावहिनीला मी निरोप पाठवते, ती तसंच म्हणेल. पुतण्याच्या पदवीचा मोठेपणा मिरवायला मिळेल म्हटल्यावर दामाजी विरघळेल. मोठेपणा म्हणजे त्याचा जीव की प्राण.

आणि मोरू, कॉलेज सोडलंस तर मला आत्या म्हणू नकोस. हे मी रागाने लिहीत नाही, ठरवून लिहिते आहे.

भागीरथी

बाळकुम
२२ जून १९८६

ती. आत्या,

पास! दुसरा वर्ग. बाळकुमातला पहिला पदवीधर खेळाडू. काकाने पेढे वाटले, बँड सांगायला निघाला होता, आईने थांबवलं.

सहीचं विचारलं नाही, पण काल सगळ्या पोरांना बसवून म्हणाला, नव्या मोसमाच्या सह्या दरसालप्रमाणे नारळी पौर्णिमेला, खाडीला नारळ वाहिला की देवळात. तुला ठाऊकच आहे. तानाजी, आपला कप्तान, म्हणाला, ‘काका, आधीच उरकून टाकू.’ त्यावर काका खवळला. ‘नारळ पडल्याबिगर नवा काम नाय. तुझ्या आजानं होडी लोटलेली काय पौर्णिमेच्या आधी?’

मला नियम पाठ आहे. पण पौर्णिमा कधी आहे ते बघायचं धाडस होत नाही. तूच बघ.

मोरू

कोपर
२५ जून १९८६

माझ्या राजा,

बघितलं. भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितलं, विश्वास बसेना म्हणून त्र्यंबकरावांच्या पंचांगात बघितलं. यंदा नारळी पौर्णिमा एकोणीस ऑगस्टला! पंधरा तारीख उलटून जाईल आणि माझा भाऊ नारळाला सोनेरी कागद लावत बसेल!

मी कालपासून वेड्यासारखी हसते आहे. ह्यांनी विचारलं काय झालं, तर म्हटलं काही नाही, जुना विनोद आठवला. ह्यांना आत्ता सांगायचं नाही. सगळं झाल्यावर पुढ्यात ठेवीन.

तू आता एकच कर, गोड राहा. काकाच्या पाया पड, होडी रंगवायला मदत कर, सरावाला पहिला जा. पौर्णिमेला मी स्वतः येणार आहे. राखी घेऊन. पंधरा वर्षांनी बहीण दारात आलेली बघून त्याला वाटेल, सगळं मिटलं. वाटू दे.

तुझी आत्या

बाळकुम
११ ऑगस्ट १९८६

ती. आत्या,

पंधरा तारखेला चारच दिवस राहिलेत. आज सराव संपल्यावर तानाजी पुन्हा काकाकडे गेला. त्याला कुणीतरी ठाण्यात सांगितलंय की पदवीधर मुलांचं काहीतरी वेगळं असतं, मोरूची सही लगेच घ्या. मी बाजूलाच पाय धूत होतो.

काका हसला. म्हणाला, ‘माझा पुतन्या हाय तो. पलून पलून जाईल कुठं? पुनवेला सगल्यांच्या संगती करंल.’ आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आत्या, त्यानंतर जेवायला बसलो तर घास उतरेना. असं फसवून नको वाटतंय. सरळ तोंडावर सांगितलं तर नाही का चालणार?

मोरू

कोपर
१३ ऑगस्ट १९८६

मोरू, सरळ सांगितलंस तर तो चौदा तारखेला तुझा हात धरून सही घेईल आणि तू जन्मभर पाय धूत बसशील. आमच्याशी कोण सरळ वागलं होतं? तोंड उघडू नकोस. घास उतरत नसेल तर उपास कर, श्रावण आहे.

भा.

कोपर
२० ऑगस्ट १९८६

माझ्या वाघा,

काल रात्रभर मी झोपले नाही, आनंदाने. तू होतास, बघितलंस, तरी मला लिहायचंच आहे. पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटतं.

मी वेशीतून आत आले तेव्हा बायका भांडी टाकून बाहेर आल्या. दामाजी खाडीच्या काठी उभा, लाल टोपी, हातात नारळ. ‘काय गो बाय, वाट चुकलीस काय?’ म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. आले तर आले. मी राखी बांधली, ओवाळलं. नारळ पाण्यात पडला. मग सगळे देवळात गेले, पोरांनी एकेक करून सह्या केल्या आणि तुझं नाव आलं.

तू खाली बघून बोललास, ते मला आवडलं नाही, पण बोललास. ‘काका, पंधरा तारीख गेली. मी मोकळा आहे. मी सही करणार नाही.’ तानाजीने कपाळावर हात मारला. दामाजीने तुझ्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. ‘यासाठी आलीस?’ म्हणाला. मी म्हटलं, ‘हो. यासाठीच.’ आणि त्याची मान खाली गेली, मोरू! हनुवटी छातीला टेकली. मी तेवढं डोळे भरून बघितलं आणि मिळाली ती बस धरली.

ह्यांना घरी येऊन सगळं सांगितलं. आनंदसुद्धा दाखवता येईना, एवढी सवय झाली आहे गप्प राहायची.

आता पुढचं. एक सप्टेंबरला त्र्यंबकरावांकडे कारखान्यात जायचं, ते सही घेतील. जानेवारीत ठाण्याच्या स्पर्धेत कारखान्याचा संघ आणि बाळकुम एकाच गटात येणार, त्यांनी तजवीज केली आहे. त्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसणार. नुसतं हरवायचं नाही, एकेकाला बाहेर काढायचं, तानाजीला शेवटी. मान खाली गेली, आता नाक मातीत जायला हवं.

तुझी
आत्या

नाशिक
४ सप्टेंबर १९८६

ती. आत्यास,

पत्त्यावर नाशिक बघून चमकली असशील. इथल्या एका बँकेच्या संघात मी सही केली. पंधरा तारखेनंतर तीन संघांनी विचारलं होतं, त्यात त्र्यंबकरावांचाही होता. त्यांना मी स्वतः जाऊन नमस्कार केला आणि नाही म्हटलं.

तू बस धरलीस, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. काका ओरडेल, आईला बाहेर काढेल असं मला वाटलं होतं. त्याने काही केलं नाही. देवळाच्या पायरीवर बसून राहिला. कुणीतरी म्हणालं, ती राखी तोडून टाक. तो म्हणाला, ‘बहिणीनं बांधलेली हाय.’ आईला एका शब्दानं बोलला नाही. आईनेच लाजेने आपली चूल वेगळी मांडली. पोरं माझ्याशी बोलेनाशी झाली. ज्यांच्याबरोबर लहानपणापासून मातीत लोळलो ते मला बघून रस्ता बदलत होते.

त्यानंतरच्या रविवारी आतोबा आले. तुला कामावर जातो म्हणून सांगून आले असणार. सरळ काकाजवळ जाऊन बसले. मग आतोबांनी मला बोलावलं आणि काकासमोर सांगितलं. ते म्हणाले, ‘मोरू, सोडचिठ्ठी देऊ नको असं मीच दामाजीला सांगितलेलं. कारखान्याच्या संघात मला चौथा-पाचवा चढाईवाला म्हणून बाकावर बसवणार होते. यंत्राची भीती वाटायची. इथं मी मैदानावर उतरलो की अख्खा गाव उभा राहायचा. पण तुझ्या आत्याला कारखाना पाहिजे होता आणि तिच्यासमोर नाही म्हणायची माझी छाती नव्हती. दामाजीला म्हटलं, तू नाही म्हण, वाईटपणा तू घे.’

मी काकाकडे बघितलं. तो म्हणाला, ‘मला बी कुंडलिक पाहिजेच व्हता. फायदा माजा बी व्हता.’ एवढंच.

ज्या खेळासाठी ते थांबले, तो खेळ तू त्यांना बाळकुमातून उचलून नेलंस त्या दिवशी सुटला. पंधरा वर्षं ते भिंतीकडे तोंड करून झोपतात ते काकामुळे नाही.

हे तुला लिहू नकोस असं आतोबा हात जोडून म्हणाले. मी मुद्दाम लिहितोय. काकाने माझी फी भरली आणि मला मंडळासाठी राखलं. तू मला शीलाताईंकडे पाठवलंस आणि तुझ्या सुडासाठी राखलंस. तिकडचं दावं सोडलंस ते तुझ्या खुंट्याला बांधायला. मोकळा म्हणजे दोघांकडूनही मोकळा, असा मी नियमाचा अर्थ घेतला आहे. आता मला राग येतोय तर येऊ दे, तुझ्याकडूनच शिकलो.

खोली मिळेपर्यंत आईला तुझ्याकडे ठेवून घे. तिच्यावर राग काढू नकोस.

मोरेश्वर

कोपर
१९ ऑक्टोबर १९८६

चि. मोरेश्वर,

दीड महिना पत्र लिहिलं नाही. तीन वेळा लिहायला बसले आणि तीनही वेळा शिव्याच लिहिल्या गेल्या, म्हणून फाडलं. तू मला खुंटा म्हणालास. म्हण. खोटं असतं तर एवढं लागलं नसतं.

आवडावहिनी इथे आहे, बरी आहे. तिची काळजी नको.

कुंडलिकला मी त्याच दिवशी विचारलं. तुझं पत्र पुढ्यात ठेवलं. मला वाटलं, ‘पोरगा खोटं लिहितो’ म्हणेल. मीही तेवढ्यावर विश्वास ठेवला असता, देवाशपथ ठेवला असता. त्याने वाचलं आणि मान हलवली. पंधरा वर्षं मी भावाच्या नावाने बोटं मोडली, राखी बांधली नाही, धाकटा भाऊ गेला तेव्हा त्याच्या तेराव्याला गेले नाही. आणि हा माणूस रोज माझ्या हातचं जेवून गप्प बसला. मी त्याला घाबरट म्हटलं. आणखी बरंच काही म्हटलं, चाळीने ऐकलं. शेवटी म्हटलं, ‘एवढा जीव होता बाळकुमात तर जा तिथंच. राहा जाऊन. माझ्या दारात उभा राहू नकोस.’

मला शिक्षा करायची होती रे. वाटलं, रडेल, पाया पडेल, चौकट धरून उभा राहील, मग मी दोन-चार दिवसांनी क्षमा करीन. मोरू, तो हसला. पहिल्यांदा त्याला खरं वाटलं नाही, ‘जाऊ?’ म्हणून विचारलं. मी म्हटलं, ‘जा.’ त्याने पिशवीत दोन लेंगे आणि साबणाची वडी टाकली आणि निघाला. एरवी गुडघा धरून एकेक पायरी उतरणारा माणूस जिना कसा उतरला ते मी वरून बघत होते. माझ्याकडे मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

मधू सांगतो, तो दामाजीच्या ओट्यावर झोपतो, तिथूनच रात्रपाळीला जातो आणि संध्याकाळी मैदानात पोरांना पकडी शिकवतो. दामाजी शेजारी खुर्ची टाकून बसतो. पोरं त्याला मास्तर म्हणतात. निरोप नाही, चिठ्ठी नाही. महिना होऊन गेला.

दामाजीचा सूड घेतला तर गुन्हा त्याचा निघालाच नाही. ह्याचा घेतला तर ह्याला सुख झालं. आवडावहिनीवर राग काढायचा नाही, मग आता घरात माझ्याशिवाय कुणी उरलं नाही ज्याच्यावर चिडावं, आणि स्वतःवर चिडायची मला सवय नाही.

तुझ्यावर हक्क सांगत नाही. नाशिकला राहा, खेळ, लग्न कर, मला कळवलंस तर येईन. फक्त एक मागणं आहे, ऐकायचं नसेल तर सोडून दे. तुझ्या बँकेचा संघ कधी बाळकुमसमोर आला तर दया करू नकोस. त्यांना असं हरव की मास्तरला झोप येऊ नये. हरल्यावर हे फार चिडायचे, आणि चिडले की मला सांगायला घरी यायचे.

भागीरथी